दुसरं कबूतर

"कबूतर मिळणार न्हाई."

गच्चीवरून आवाज आला तेव्हा मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. भुरभुर पाऊस चालू होता. वर एक तरुण पाठमोरा उभा होता, एका हातात दाण्यांचा डबा आणि तोंड आभाळाकडं. तिसगावात पशुखाद्याचं दुकान चालवणारा आणि उरलेला सगळा वेळ कबुतरांत रमणारा कल्याण तो हाच.

"बरं झालं," मी म्हणाले.

तेव्हा कुठे तो वळला. नाही म्हटल्यावर खुश होणारं माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यानं मला नीट न्याहाळलं. मीही नजर खाली वळवली नाही, ती सवय मला नाही.

"मग आलात कशाला?"

"माझी आत्या येणार होती. ती कबूतर घेतल्याशिवाय हलली नसती. मी आले की 'मिळालं नाही' म्हणून सांगायला मोकळी."

तो हसत खाली आला, मला पत्र्याच्या आडोशाला उभं केलं आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, वारं कुणाच्या अंगावरून गेलं?

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. काकासाहेब म्हणून पंचक्रोशीत सगळे त्यांना ओळखतात, कारण कांद्याच्या लिलावात बोली तेच पुकारतात. दोन दिवसांपूर्वी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप गळून पडला, जीभ जड झाली आणि थोड्या वेळात सगळं आपोआप ठीक झालं. नगरला मानेची सोनोग्राफी केली. मेंदूकडं जाणारी डावी रक्तवाहिनी आतून चरबीच्या थरानं भरत आली होती. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात ऑपरेशन करून थर काढू, उशीर नको. अण्णांनी घरी येऊन उजव्या हातानं पाण्याची भरलेली बादली उचलून दाखवली आणि विषय संपवला. त्यांची थोरली बहीण बायडा आत्या म्हणाली, कबुतराच्या ताज्या रक्तानं हात चोळला की वारं उतरतं. त्याला मात्र ते लगेच तयार झाले.

"माझ्या चुलत्याला चोळलं हुतं," कल्याण म्हणाला. "दोन दिवस घरीच ठेवला. कबूतर बी गेलं आन् हात बी गेला. तवापासून मी कुणाला देत न्हाई."

मला तो तिथंच आवडला. नंतर आवडला असं म्हणून मी उगाच मानभावीपणा करणार नाही.

मी त्याला सांगितलं की नगरच्या एका मेडिकल कॉलेजात मी याच थरांवर संशोधन करते. लोकांच्या मानेतून काढलेले थर माझ्या टेबलावर येतात, आणि मी त्यांत सूज किती आहे ते मोजते. जगाला समजावते, बापाला समजावता येत नाही. बोलताना माझा आवाज चढला होता.

"शिरेच्या आत सूज? ती कशी काय?"

मी सांगितलं. चरबी साठली की ती साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात आणि तिथंच अडकतात. अडकल्या की काही रेणू सोडतात, इतरांना बोलावणारे. मग आणखी पेशी, आणखी रेणू... सूज वाढते, थरावरचा पापुद्रा पातळ होतो आणि एक दिवस फुटतो. त्यावर रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा मेंदूत जातो.

त्यानं मुठीतला एक दाणा अंगणात टाकला. एक कबूतर उतरलं, त्याच्या मागं दुसरं, मग पाहता पाहता सगळा थवा.

"आसं?"

"अगदी असं," मी म्हणाले. तीन वर्षांत मला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. पावसानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि मी उगाचच त्यांच्याकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस आमच्या दारात, हातात झाकणाची टोपली, टोपलीत दोन कबुतरं. आत्यानं लगेच सुरी काढली. माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात तो अण्णांसमोर जाऊन बसला.

"अण्णा, कबूतर आणलंय. पर आदी एक सांगा... ऑपरेशनची भीती कशाची वाटती?"

माझ्या डोक्यात आकडे होते, अहवाल होते, पण हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. अण्णा गळ्यावरून हात फिरवत म्हणाले, "गळा कापनार म्हन्त्यात. आवाज गेला तर... लिलावात मी काय हातवारे करू?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि जे खरं ते सांगितलं. "अण्णा, ऑपरेशननंतर आवाज थोडे दिवस बसू शकतो. क्वचित कुणाचा जास्त बसतो, खोटं सांगत नाही. पण तुमची भरत आलेली शीर डावीकडची आहे. बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तो थर फुटला तर आवाज राहील, शब्द जातील. त्या दिवशी जीभ जड झाली ना? ती त्याचीच चुणूक होती."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग कल्याणकडं.

"ह्यातलं एक नगरला न्या," कल्याण म्हणाला. "ऑपरेशन झालं की ह्याच उजव्या हातानं सोडा. बघू, आदी घरी तुमी येताय का हे."

पैज म्हटल्यावर अण्णांना राहवेना. आत्यानं तोंड वाकडं करत सुरी कांद्यांवर चालवली.

गाडीत टोपली ठेवताना मी हळूच विचारलं, "एक अण्णांचं. दुसरं कुणाचं?"

तो काचेवरचं पाणी पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तुमचं. मला काय इचारायचंय ते... तुमाला कळलंय. व्हय असंल तर सोडा. ते सरळ माझ्याकडं येतंय."

"आणि नसेल तर?"

"ठेवून घ्या. दाणे घालत जा."

"म्हणजे नकाराला कबूतर फुकट? धंदा बुडेल तुमचा."

तो हसला, पण कान लाल झाले होते.

ऑपरेशन झालं. अण्णांचा थर माझ्याच टेबलावर आला. पापुद्रा इतका पातळ होता की चिमटा लावायला हात धजेना. सुजेचे रेणू मी आजवर मोजलेल्या बहुतेक थरांपेक्षा जास्त निघाले. तो फार दिवस टिकला नसताच. मी दार लावून पोटभर रडले आणि मग उरलेलं काम पूर्ण केलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या गच्चीवर अण्णांनी उजव्या हातानं कबूतर सोडलं. बसक्या आवाजात त्याला शिवीही घातली, प्रेमानं. पैज अर्थातच कबूतर जिंकलं.

दुसरं माझ्या खोलीत राहिलं. घुमायचं, दाणे टिपायचं, माझ्याकडं मान वाकडी करून बघायचं. उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण खिडकी उघडायला गेले की मनात यायचं, वाटेत ससाणा असतो, तारा असतात, वादळ असतं. एवढी मोठी गोष्ट याच्या भरवशावर?

शेवटी ऑपरेशननंतर लिलावात अण्णांचा आवाज पहिल्यांदा खणखणला त्या दिवशी मी टोपली घेऊन एसटीत बसले.

तो गच्चीवरच होता, तोंड नगरच्या दिशेनं, मान वर. मी खालून हाक मारली. त्यानं आधी टोपली पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. जिना उतरताना त्याची पावलं जड पडत होती.

"परत आणलंत..."

"हो."

"बरं..." त्यानं टोपलीसाठी हात पुढं केला. "चालंल. काय न्हाई."

"होकार पाखराच्या हाती पाठवायचा नव्हता," मी म्हणाले. "म्हणून स्वतः घेऊन आले."

त्याला कळायला क्षणभर लागला. मी झाकण उघडलं. कबूतर फडफडत बाहेर पडलं, आणि जेमतेम गच्चीपर्यंत जाऊन आपल्या खुराड्यावर बसलं. सवयीनं कल्याणची मानही त्याच्या मागोमाग वर गेली.

मी त्याची हनुवटी धरून खाली वळवली.

"आता तरी इकडं बघ," मी म्हणाले.

आणि तो बघत राहिला.