आत्याच्या शेतावरचं टाकं

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथे उभी होते.

मागच्या वर्षी, होळी होऊन गेल्यावरची संध्याकाळ. भिवापूरच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेलं माझ्या अरुंधती आत्याचं शेत.

आत्याने लग्न केलं नव्हतं. शाळेतून रिटायर झाली आणि नागपूर सोडून शेतावरच्या खोलीत राहायला गेली. पेरणी बंद केली. रोज संध्याकाळी हातपंपाने टाकं भरायची... जंगलातल्या जनावरांसाठी.

त्या होळीच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली. मृत्युपत्रात सगळं शेत जंगल वाचवणाऱ्या एका संस्थेला.

आम्हाला एकच संशय. संस्थेच्या सौरवने एकट्या बाईला गोड बोलून गुंडाळलं.

माझा मोठा भाऊ विक्रम कोर्टात जाणार होता. संस्थेने तिथे ठाण मांडू नये म्हणून त्याने पंपाचा दांडाच काढून आणला होता. त्या दिवशी सौरवला आम्ही शेतावर बोलावलं. समोरासमोर विचारायला.

"आत्याले काय सांगून सही घेतली गा?" विक्रमने विचारलं.

"मी काईच नाही सांगितलं, दादा. त्या स्वतःच आल्या होत्या ऑफिसात."

विक्रम नुसता हसला.

आणि खोलीच्या मागून आवाज आला...

कर्र... खट.

कर्र... खट.

पंप चालत होता.

"मागं कोनाले बसवून ठेवलं?" विक्रमचा आवाज चढला.

"मी एकटाच आलो, दादा."

विक्रम मागे धावला. त्याच्यामागे मी. आवाज थांबला...

कुणीच नव्हतं.

धुळीत पावलंही नव्हती.

पंपाचा दांडा आमच्या गाडीच्या डिक्कीत होता. मी सकाळीच पाहिला होता.

पण टाकं काठोकाठ भरलेलं. पाणी अजून हलत होतं...

सौरव येऊन विक्रमपाशी उभा राहिला.

"ताई, खरं सांगा. मले भेव दाखवाले तुम्हीच हे करून राहिले ना?"

म्हणजे त्याचा संशय आमच्यावर होता.

तेवढ्यात पलीकडे पाचोळा वाजला. चितळं. एकेक करून बाहेर आली. माणूस दिसला की उधळणारी जनावरं...

सरळ टाक्यापाशी आली. पाणी प्यायला लागली.

त्यातल्या एका मादीने मान वर केली. बघत राहिली.

माझ्याकडे नाही.

माझ्या शेजारी.

तिथे कुणी नव्हतं. निदान मला तरी वाटत नव्हतं. मान वळवून बघायची हिंमत झाली नाही.

"चाल वं, नूपुर," विक्रम हळूच म्हणाला.

तो कोर्टात गेला नाही. का, ते मी विचारलं नाही. शेत आता संस्थेकडे आहे.

मी सौरवला अधूनमधून फोन करते. पुन्हा काही ऐकू आलं का, विचारते.

"नाही, ताई," म्हणतो तो.

पण ते म्हणायच्या आधी दरवेळी थोडा थांबतो...