रतनबाईच्या करंगळीला धरून

त्या साली नक्षत्रामागून नक्षत्र कोरडं गेलं आणि दसरा होताच चकलांब्याची अर्धी माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांकडं निघून गेली. म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी मागं राहिली. आता लेकरू ते लेकरूच. आईची गाडी गेली त्या चाकोरीवर पाय ठेवत निघायचं. चाकोरी जाईल तिथं आई असणारच. अशी पळालेली पोरं माळावरच्या मेंढरवाल्यांना सापडायची. धुळाजी धनगराची बायको रतनबाई त्यांना पाणी पाजायची, हाताला धरून घरी पोचवायची. वाटेवर सापडलं ते ज्याचं त्याला द्यावं, एवढंच तिला ठावं.

त्या दिवशी ती तलवाड्याच्या बाजारातून मीठ घेऊन येत होती. उन्हं कलली होती. आटलेल्या तळ्याच्या पाळीवर केसरबाईची नात, सुंदर, एकटीच बसलेली दिसली.

"कुठं निघालीस गं?"

"आईकडं."

"कारखाना काय पलीकडच्या वावरात हाय? चल. आजीनं गाव डोक्यावर घेतलं असंल."

पोर उठली. एक हात तिनं रतनबाईच्या हातात दिला. दुसरा मात्र अंगापासून लांब, खाली झुकवलेला, मूठ अर्धी मिटलेली. आपल्याहून ल्हान कुणाला चालवत न्यावं तसा.

"हात कावून असा धरलाय?"

"त्याला नीट चालता येत न्हाई."

"कुणाला?"

"हा. तळ्यात बसला व्हता. त्यो बी पळून आलाय."

रतनबाईनं पाहिलं. भेगाळलेली माती, दुसरं काही नाही. तळं आटून महिने लोटले होते, तरी ओल्या गाळाचा वास त्यांच्या संगं चालत होता. एरवी पायात घोटाळणारं रतनबाईचं कुत्रं आज बांधापलीकडून, लांबलांबनं येत होतं.

दिवेलागणीला त्या केसरबाईच्या दारात पोचल्या. हरवलेलं माणूस आलं की उंबऱ्याबाहेर उभं करायचं, भाकरतुकडा ओवाळायचा आणि लांब फेकायचा. संगं काही आलं असंल तर ते तुकड्यामागं जावं, माणूस तेवढं आत यावं. केसरबाईनं तुकडा ओवाळला, हात उगारला, आणि तो तसाच थांबला. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर, घरात तेवढी एकच.

"फेकू कशी, माय? पोरगी सकाळधरनं उपाशी हाय," ती म्हणाली, आणि तुकडा नातीच्याच हातात दिला. त्या साली कुणीही तेच केलं असतं.

सुंदरनं त्याचे दोन भाग केले. एक तोंडात घातला. दुसरा बाजूला, खाली धरला. रतनबाईची नजर त्यावर खिळली. तुकडा कडेनं कमी होत गेला... हळूहळू... खाली भुगाही सांडला नाही.

"आत ये," आजी म्हणाली.

पोरीनं उंबरा ओलांडला आणि ती अडकली. मागं राहिलेला हात दोरीगत ताणला गेला.

"सोडंना, आजी... जेवलो म्हणतोय... आता हेच माझं घर म्हणतोय..."

केसरबाईनं ओढलं. पोरीचे ओठ निळे पडत चालले.

"रतन... काय तरी कर गं..."

तसलं काही हाकलायला शिव्या देता आल्या असत्या, चप्पल फेकता आली असती. पण समोर होतं ते लेकरूच. रतनबाई खाली बसली. तिनं पोरीच्या ताणलेल्या मुठीजवळ करंगळी नेली.

"बाळा, हे घर तुझं न्हाई. तुझं मी हुडकून देते. माझं बोट धर."

थोडा वेळ काहीच नाही. मग काहीतरी गार, ओलसर तिच्या बोटाभोवती गुंडाळलं गेलं. सुंदर आजीच्या कुशीत कोसळली आणि मोठ्यानं रडू लागली. तिचं रडणं ऐकून रतनबाईच्या जिवात जीव आला.

मग ती अंधारात निघाली. चालताचालता एकेका गावाचं नाव घेई. तलवाडा... बोटावरली पकड सैलच. आणखी गावं... सैलच. मग तिनं तळ्यापल्याडच्या गावाचं नाव घेतलं. ते नाव मी इथं घेत नाही. करंगळी मोडंल एवढी आवळली गेली. मग ते लेकरू तिच्या लुगड्याआड शिरलं, पिंढरीला बिलगलं. त्याची थरथर तिच्या हाडापर्यंत पोचली.

रतनबाई उभीच राहिली. तू कावून पळालास, असं तिनं आजवर एकाही पोराला विचारलं नव्हतं. सुंदर तरी आईकडं निघाली होती. हे कुणाकडंच निघालेलं नव्हतं.

ती माघारी वळली, त्याला घेऊन, आपल्या मेंढरांकडं.

पुढल्या साली त्या गावावरून जाताना तिनं दोन-तीन दारांत चौकशी केली. "आमच्या गावचं पोर कधी हरवलंच न्हाई," असं सगळ्यांनी सांगितलं. तिचं विचारणं पुरं व्हायच्या आतच.

आताही मेंढरांच्या तळावर जाळ पेटला की आईविना राहिलेलं एखादं कोकरू जाळाजवळ झोपलेलं असतं, जमिनीपासून वीतभर वर, कुणाच्या मांडीवर असावं तसं. धुळाजी ते बघतो आणि तमाखू मळत बसतो. बोलण्याच्या भरात कुणी त्या गावाचं नाव काढलं, की झोपेतलं कोकरू कळवळून ओरडतं, छातीशी कुणी गच्च आवळल्यागत.