धाकल्या ताईंचा चहा

तरंगबंदरात कंपनी नोंदवायला अकरा मिनिटं लागतात, असं तिथली जाहिरात सांगते. बाराव्या मिनिटाला खरी कटकट सुरू होते, हे मात्र जाहिरातीत नसतं.

शर्मिष्ठा पोतदारला ते वर्षभरापूर्वीच कळलं होतं. हुपरीच्या कारागिरांकडून चांदीची बारीक जाळी विणून घ्यायची आणि तिच्या गाळण्या करून जहाजांना पिण्याच्या पाण्यासाठी विकायच्या, असा तिचा बेत. जहाजं थांबत अरबी समुद्रातल्या या तरंगत्या शहरात, म्हणून कंपनीही तिथंच हवी. पण नियम असा, की एक संचालक कायम तिथं राहणारा पाहिजे. आणि हुपरी सोडायला शर्मिष्ठा काही तयार नव्हती.

"मग प्रतिमन ठेवा," नोंदणीचे सल्लागार अच्युत नेने म्हणाले होते. "तुमच्या मेंदूचा नकाशा काढून इथल्या यंत्रात चालवायचा. ते तुमच्यासारखाच विचार करतं. कायद्याला रहिवासी म्हणून चालतं."

"आणि उद्या ते भलतंच वागलं तर?"

"म्हणून तर वर्षअखेर जुळणी असते. दोघींना एकच प्रश्न, वेगवेगळ्या खोल्यांत. उत्तरं जुळली तर नोंदणी पक्की, आणि ते उत्तर कंपनीवर बंधनकारक. नाही जुळली तर नोंदणी रद्द. प्रतिमन सह्यांपुरतं जागं करा, एरवी बंद. सगळे तसंच करतात."

कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर दत्तोबा यांना हे काही पटलं नाही. "कंपनीचंच माणूस हाय न्हवं ते? मग सकाळच्या चहाला का नगं?" त्यांनी प्रतिमनाशी बोलायचा पडदा थेट कारखान्यात टांगायला लावला. रोज पहिला प्रश्न पडद्यालाच, "धाकल्या ताई, चा झाला का?" आता प्रतिमनाला कसला आलाय चहा! पण ती हसून "झाला, काका," म्हणायची आणि सगळ्यांच्या गप्पा ऐकत बसायची.

आज जुळणीचा दिवस होता. त्यासाठी तरंगबंदरात आलेल्या शर्मिष्ठासमोर सकाळी सकाळीच प्रश्न आला. एक जहाज कंपनी तीन वर्षांची मागणी देते आहे, मात्र जाळी यंत्रावरच विणलेली हवी. बाराही कारागीर काढावे लागतील. स्वीकारणार का?

"हो लिहा आणि मोकळ्या व्हा," शेजारी बसलेले नेने म्हणाले. "नकाशा काढला त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, यंत्र परवडलं की कारागीर बंद, त्यात रडायचं काय? प्रतिमन त्या दिवसाचं आहे. ते हो म्हणणार."

आपण तसं बोललो होतो, हे आठवून शर्मिष्ठाला लाज वाटली. पहिल्या गाळण्या खाऱ्या हवेत तीनदा फाटल्या, तेव्हा दत्तोबा चार दिवस चष्मा कपाळावर चढवून तारेला वेगवेगळे पीळ देत बसले होते. त्यांना सापडलेल्या पिळावर आज कंपनी उभी होती.

"नाही लिहिलंत तर कंपनी जाईल, शर्मिष्ठाबाई. त्या बारा जणांचं कामही जाईलच की!"

"हुपरीत लहानशी काढू परत. पण त्यांना घालवणारी सही माझी नसेल."

"अहो, हा हट्ट झाला!"

"झाला तर झाला!" म्हणत तिनं समोरच्या पाटीवर 'नाही' लिहिलं.

क्षणभरात पाटीवर अक्षरं उमटली. उत्तरं जुळली. नोंदणी पक्की.

नेने उभेच राहिले. पडद्यावर प्रतिमन आलं. "तुम्हीसुद्धा नाही म्हणालात?" नेन्यांनी त्याला विचारलं. "पण वर्षभरापूर्वी तर..."

"वर्षभर मी रोज चहाला होते ना, नेनेसाहेब! दत्तोबाकाकांचे ते चार दिवस मीही पाहिले. एकदा वाटलं, ती घाबरून हो लिहील, आपणही तेच लिहावं. मग म्हटलं, मला हो लिहवत नाही, तर तिला कसं लिहवेल?"

बाहेर आपले सात ग्राहक रांगेत बसलेत, हे नेन्यांना आठवलं. सातही प्रतिमनं वर्षभर बंद होती.

शर्मिष्ठानं डोळे पुसत हुपरीला फोन लावला. "काका, जुळलं!"

"जुळनारच की!" दत्तोबा म्हणाले. "त्ये ऱ्हाऊ द्या. आज पडदा मोकळाच हुता. धाकल्या ताईंचा चा झाला का?"

"नाही, काका," प्रतिमन म्हणालं. "आज तुमच्याबरोबरचा राहिला."