उष्टी रोटी

बिश्केकहून ओशला जायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत. एर्मेकचं म्हणणं, हा रस्ता कापायचा नसतो, चाखत चाखत जायचा असतो. खरी गोष्ट अशी होती की बेरमेतला गाडी लागायची आणि दर थोड्या वेळाने थांबावंच लागायचं. पण गरजेचा खेळ करणं हा एर्मेकचा जुना गुण. गाडीत चार माणसं, म्हणून चार थांबे. प्रत्येकाची एक पाळी. ज्याची पाळी तो म्हणेल तिथे थांबायचं, बाकीच्यांनी नाकं मुरडायची नाहीत.

"आणि पाळी फुकट घालवायची नाही," बेरमेतने मागून बजावलं. ती सात वर्षांची. बुधवारी तिचा पुढचा एक दात पडला होता, त्यामुळे प्रत्येक शब्दामागून थोडी हवा यायची. दात तिच्या आईने, जिपाराने, स्वतः चरबीत गुंडाळून शेजारच्या कुत्र्याला खायला घातला होता. असल्या रीतींवर तिचा विश्वास नव्हता, पण पोरीने हट्टच धरला.

जिपारा विमा कंपनीत दावे तपासायची. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या मेंढ्या, वाकलेले बंपर. माणूस कुठे खोटं बोलणार हे तिला त्याच्याही आधी कळतं, असं ऑफिसात म्हणत. नवरा हेच कौतुक जरा वेगळ्या शब्दांत करायचा. "हिला दुधात माशी नसली तरी दिसते."

आज मात्र माशी होती. काल सामान बांधताना सासूच्या पिशवीत तिला बेरमेतची लाल लोकरी टोपी सापडली होती. जुलै महिन्यात! ओशला या दिवसांत माणसं अंगणात झोपतात. सुट्टी आठवड्याची, मग थंडीतली टोपी कशाला?

तिने टोपी होती तशी ठेवून दिली. पहिलं नातवंड आजी-आजोबांनी वाढवायचं, ही रीत काही नवी नव्हती. एर्मेक स्वतः त्याच्या आजीकडे वाढला होता, शाळा संपेपर्यंत तिलाच आई म्हणायचा. सासरे गेल्यापासून सासूबाई, उलकान आपा, फोनवर एकच म्हणायच्या, घर खायला उठतं. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या बिश्केकला आल्या होत्या आणि त्यांना पोचवायचं निमित्त करून सगळे सुट्टीला निघाले होते. जाताना चौघं. परत येताना किती, हे कोणी बोललं नव्हतं.

बोगदा ओलांडल्यावर सुसामीरचं हिरवं पठार लागलं. एर्मेकची पाळी. रस्त्याच्या कडेला तंबूंची रांग, दोरीला बांधलेल्या घोड्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या बाटल्या. एर्मेक एक मोठा वाडगा घटाघटा प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "आता खरी सुट्टी सुरू झाली." विकणारी बाई गुबगुबीत, उन्हाने गाल फाटलेली. तिने वाळवलेल्या दह्याचा एक गोळा बेरमेतच्या हातावर ठेवला.

"अगं बाई, दात अजून आला नाही का तुझा?"

"बुधवारी तर पडला," बेरमेत म्हणाली.

बाई हसता हसता थांबली. तिने एर्मेककडे पाहिलं, मग जिपाराकडे, आणि पुसलेल्याच बाटल्या पुन्हा पुसायला घेतल्या.

गाडीत बसल्यावर जिपारा म्हणाली, "ती ओळखते का हिला?"

"सात वर्षांच्या पोराचा दात पडलेलाच असतो, जिपा. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं. त्यावरसुद्धा चौकशी बसवणार का?"

मागे आपा गालात हसल्या. जिपाराला ते हसू आवडलं नाही.

खिंड उतरून गाडी चिचकानच्या दरीत आली तेव्हा ऊन झाडांमधून गळत होतं. इथे आपांची पाळी होती. ओढ्यावर लाकडी ओटे टाकलेलं एक चहाचं दुकान त्यांनी निवडलं, पाण्याचा आवाज ऐकला की डोळ्यांना बरं वाटतं म्हणाल्या. मालक चहाची किटली घेऊन आला. सोबत रोट्या आणि एका छोट्या वाटीत घट्ट साय.

साय कोणी मागितली नव्हती.

"पोरीला रोटी नको, नुसती साय, हो ना?" तो म्हणाला आणि वाटी बेरमेतपुढे सरकवली.

बेरमेत घरी तशीच खायची, चमच्याने, रोटीशिवाय, कितीही ओरडलं तरी. जिपाराच्या हातातला चहा तसाच राहिला.

"आपा, तुम्ही इथे आला होता का आधी?"

"तुझे सासरे होते तेव्हा. तेव्हा हा नव्हता, याचा बाप होता."

"आणि मागच्या उन्हाळ्यात?"

"मागच्या उन्हाळ्यात तर आम्ही सरोवरावर होतो ना, सूनबाई. तूच तर बसमध्ये बसवून दिलंस."

बसवून दिलं होतं हे खरं. तिला रजा मिळाली नव्हती. आपा, एर्मेक आणि बेरमेत सरोवरावर जाऊन आले होते. तिने मनातल्या मनात ते फोटो पुन्हा पाहिले. बेरमेत आणि पाणी. आपा आणि पाणी. नुसतं निळं पाणी. निळं पाणी तोक्तोगुलच्या धरणातही आहे, आणि ते ओशच्याच रस्त्यावर आहे.

निघताना जिपारा रागाने तशीच उठली. आपांनी तिचा हात धरला. "रोटीला तोंड न लावता उठू नये गं. एक तुकडा मोड." मग नातीकडे वळून म्हणाल्या, "तुझा बाप लष्करात गेला ना, तेव्हा दारात त्याला अख्ख्या रोटीचा एक चावा घ्यायला लावला मी. ती उष्टी रोटी भिंतीवर टांगली. रोज बघायची. माणूस परत आला की आईने स्वतःच्या हाताने उतरवायची आणि त्याने ती संपवायची. मग तो खरा घरी आला."

"दगड झाली होती," एर्मेक म्हणाला. "माझी दाढ हलली त्या दिवशी."

"पण आलास ना?"

बेरमेतने वाटी चाटून पुसून ठेवली. "आईने उतरवली नाही तर?" तिने विचारलं.

"उतरवते गं. आईच ती."

तोक्तोगुल गाव ओलांडलं. रस्ता धरणाच्या पाण्याला वळसा घालत निघाला. पाणी इतकं निळं की बघवेना. तळलेल्या माशांची दुकानं मागे पडली, मधाच्या बरण्या मागे पडल्या, एर्मेक आशेने प्रत्येक ठिकाणी गाडी हळू करत होता. बेरमेत काचेला नाक लावून बसली होती.

"इथे! माझी पाळी!"

"इथे काय आहे?" एर्मेकने विचारलं. डांबरी रस्ता सोडून एक मातीची वाट पाण्याकडे उतरत होती. तिच्या टोकाला चुन्याने रंगवलेलं बसकं घर. ना पाटी, ना दुकान.

"थांबायचं. नियम आहे."

आपा काळा चष्मा लावून पेंगत होत्या. एर्मेक बाटल्या घेऊन पाण्याकडे गेला, इंजिन तापलं होतं. बेरमेत सरळ घराकडे चालू लागली. पुढे बंद दरवाजा दिसत होता, पण ती तिकडे गेलीच नाही. भिंतीला वळसा घालून मागे गेली. उघडं दार मागे होतं.

आता जिपाराला खात्रीच पटली. पोरगी इथे येऊन गेली होती. मायलेकांनी मिळून तिला वेड्यात काढलं होतं, आणि बहुतेक पोरीला गप्प राहायलाही शिकवलं होतं. तिचे कान तापले. तिने बूट काढले आणि आत शिरली.

आत गारवा होता. अंगणातली भट्टी थंड पडलेली तिने पाहिली होती, तरी खोलीत ताज्या रोटीचा वास होता. खिडकीशी पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली होती.

"आलीस?" ती म्हणाली. जिपाराला नाही.

समोरची भिंत रोट्यांनी भरलेली होती. प्रत्येक रोटी एका खिळ्यावर. काही करड्या पडलेल्या, काहींना चिरा गेलेल्या. प्रत्येकीला एक चावा.

"कोणाच्या आहेत या?" जिपाराने विचारलं.

"गेलेल्यांच्या."

"कुठे गेले?"

"ते त्यांना ठाऊक. मी सांभाळते फक्त." म्हातारीने खिडकीबाहेर पाण्याकडे पाहिलं. "येतात एकेक."

बेरमेत भिंतीच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्या डोक्याच्या जरा वर एक तळहाताएवढी रोटी होती, लेकरांसाठी करतात तशी.

"ही माझी," ती म्हणाली.

"तुला इथे कोणी आणलं होतं? बाबांनी? आपांनी?"

बेरमेतने मान हलवली. तिला प्रश्न कळला नव्हता, असं वाटलं.

जिपाराने रोटीकडे पाहिलं. चाव्याच्या मधोमध एक दाताएवढा भाग तसाच राहिला होता. तिने मनात हिशोब केला आणि तो जुळेना. मागच्या उन्हाळ्यात पोरीचे सगळे दात जागेवर होते. दात पडला बुधवारी. आणि रोटी तर जुनाट होती, कडेला कोळ्याचं जाळं धरलेली. म्हणजे रोटी हिची नव्हती. मग तसं दाखवून द्यायला हवं. बंपरवरचा पोचा समोरच्या गाडीला लावून बघावा, तसं बघायचं आणि विषय संपवायचा.

"उतरवू का?" तिने विचारलं.

"मला नाही उतरवता येत," म्हातारी म्हणाली. "तुझं तू बघ."

जिपाराने हात वर केला आणि रोटी खिळ्यावरून काढली. हाताला ती कौलासारखी लागली.

"दात लाव. चावू नकोस. नुसते लाव."

बेरमेतने तोंड उघडलं. दात चाव्याच्या खुणेत बसले. फट फटीवर आली.

मग तिने चावलं.

आवाज झाला नाही. दगडासारखी रोटी लोण्यासारखी तुटली. मधला भाग पांढराशुभ्र होता आणि त्यातून वाफ निघाली.

"थुंक. बेरमेत, थुंक म्हटलं ना!"

जिपाराने रोटी ओढली. पोरीची पकड सुटेना. ती शाळेतून भुकेजून आल्यासारखी खात होती, एका जागी उभी राहून, कण न सांडता.

"खाऊ दे," म्हातारी म्हणाली.

शेवटचा घास संपला. म्हातारीने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले, जेवण उरकल्यावर फिरवतात तसे.

जिपाराने पोरीला उचललं आणि धावत सुटली. बूट तिने हातात घेतले होते, हे तिला गाडीपाशी कळलं.

"तुम्ही हिला इथे आणलं होतं!" ती ओरडली. "मला सगळं कळलंय. टोपी पण पाहिलीय मी. ठेवून घ्यायचीय ना माझी पोर?"

आपांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता. "टोपी सैरानं मागितली, तुझ्या नणंदेनं. तिला बेरमेतसाठी नवी विणायचीय, मापाला नेतेय." त्या थांबल्या. "एर्मेकला माझी सासू घेऊन गेली तेव्हा माझं दूध आटलं नव्हतं. रात्रभर झगा ओला व्हायचा. ते मी तुझ्या वाट्याला आणीन, असं वाटलं तुला?"

एर्मेक हातात बाटल्या घेऊन उभा होता. खोटं बोलणारा चेहरा जिपाराला ओळखता यायचा. हा तो नव्हता. ती आपांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिला लाज वाटली, आणि खूप दिवसांनी हलकंही वाटलं. त्या घरात घडलेलं तिने सांगितलं तेव्हा एर्मेक म्हणाला, जुन्या चालीची बाई असेल, पोरीला भूक लागली होती. आपा मात्र एवढंच म्हणाल्या, "कोणी उतरवली?" आणि उत्तर मिळाल्यावर काळा चष्मा पुन्हा चढवला.

पुढे घाटातली वळणं लागली. बेरमेतला गाडी लागली नाही. तिने एकदाही थांबायला सांगितलं नाही. माशांच्या शेवटच्या दुकानापाशी एर्मेकने विचारलं, तर म्हणाली पोट भरलंय.

ओशला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात तुतीखालच्या ओट्यावर सैराने ताटं मांडली, सगळे बोलू लागले, हसू लागले. आपलं उगाच काहीतरी, असं जिपारालाही वाटायला लागलं. तेवढ्यात बेरमेत घरातून बाहेर आली. त्या उकाड्यात तिने लाल टोपी घातली होती.

"घाम येईल गं," सैरा म्हणाली.

"पाण्याजवळ गार असतं."

तिने प्रवासाच्या पिशवीतून एक रोटी काढली, पहाटे जिपाराने घरी भाजलेली. दोन्ही हातांत धरून एकच चावा घेतला, नीट चावून गिळला, आणि उरलेली आईपुढे धरली.

"ही टांगून ठेव."

एर्मेक हसला. "बघा आपा, तुमच्या गोष्टी!"

आपा हसल्या नाहीत.

"आई, तुझी पाळी राहिलीय," बेरमेत म्हणाली. "परत जाताना तिथे थांबायचं. मी तिथे उतरेन."

बिश्केकला जायला रस्ता एकच आहे.

जिपाराने रोटी हातात घेतली. चाव्याच्या मधोमध दाताएवढा भाग शिल्लक होता. ती उठली, घरात गेली आणि भिंतीवर हात फिरवत खिळा शोधू लागली.