घोटणखेड्याची अनुमानित भिंत

“सहा फूट खणून एक दगड सापडत नाही म्हणजे काय! खणणाऱ्यांना डोळे आहेत की बटणं?”

डॉ. इनामदार स्वतःशीच पुटपुटत होते. पण भू-आलेखन केंद्राच्या त्या प्रयोगशाळेत दोन खुर्च्यांमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं, त्यामुळे हेमलता वाकचौरेला शब्द न् शब्द ऐकू आला. हेमलता बावन्न वर्षांची. मोजणी खात्यात साखळी ओढत ओढत इथवर आलेली, ड्रोनचं शास्त्र रात्रशाळेत नव्हे तर ड्रोन दुरुस्त करता करता शिकलेली.

समोरच्या पडद्यावर घोटणखेड्याचा नकाशा होता. गावाबाहेरच्या मैदानात लाल रेघ लुकलुकत होती : अनुमानित भिंत.

“सर, मला पुन्हा एकदा सांगा. यंत्राला भिंत दिसली, की भिंत असावी असं वाटलं?”

“दिसल्यातच जमा. वाकचौरे बाई, माणूस चालला की माती दबते. वरून नांगर फिरला तरी खालचा थर दबलेलाच राहतो. ड्रोनमधला पदघनता-मापक तो दाब वाचतो. शंभर वर्षांच्या पायवाटा आपल्याला उकलून दाखवतो.”

“हे कळलं. भिंतीचं सांगा.”

“माणूस जवळची वाट धरतो. ओढ्याकाठच्या वस्तीपासून विहिरीपर्यंत सरळ अंतर दोनशे मीटर. पण वस्तीची वाट बघा. मैदानाच्या कडेला येते, वळते आणि दीड किलोमीटरचा फेरा घालते. पिढ्यान् पिढ्या! अडथळ्याशिवाय कोण असं चालेल? म्हणून गणित सांगतं, मध्ये भिंत होती.” त्यांचे डोळे चमकले. “आणि एकाच गावात नाही. दोनशे तीस गावांवर ड्रोन उडवला, दोनशे अकरा गावांत अशी भिंत आहे. लुप्त तटबंदी! माझा निबंध जवळजवळ तयार आहे.”

साखळीच्या दिवसांत हेमलतेनंही असली वळणं कागदावर उतरवली होती आणि कारणाचा रकाना कोरा ठेवून पुढच्या गटाकडे सरकली होती. नोकरी नवी होती, असं ती स्वतःला सांगत आली होती.

आता त्या रकान्यावर रस्ता अडला होता. वस्तीतून महामार्गाला मिळणारा रस्ता याच मैदानातून जायचा होता. पावसाळ्यात ओढा भरला की फेऱ्याची वाट बंद होई आणि आजारी माणसाला दाराच्या फळीवर घालून पाण्यातून न्यावं लागे. पण नियम होता : जिथं पुरलेलं बांधकाम असण्याची शक्यता, तिथं उत्खनन होईपर्यंत रस्ता नाही. उत्खननाची रांग चौदा वर्षांची होती. चाचणीसाठी खणलेल्या एका चरानं यंत्राचं समाधान होत नव्हतं.

“सर, यात जनावरांचे खूर कुठं आहेत?”

“ते आपण गाळतो. गोंगाट असतो तो.”

“जरा गाळणी काढा.”

त्यांनी नाराजीनं कळ दाबली. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांचा पट्टा उमटला. शेळ्या. वस्तीतून निघून, लाल रेघ सरळ ओलांडून, माळाकडे. वर्षानुवर्षं, एकही वळण न घेता.

डॉ. इनामदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “शेळ्या उडी मारून...”

“पोटुशा शेळ्यासुद्धा?” हेमलता उठली. “सर, चला गावात. माणसाला अडवते आणि शेळीला सोडते अशी भिंत कशाची बांधतात, ते विचारून येऊ.”

मैदानात, जुन्या पारासमोर उकरलेल्या चराशेजारी, सरपंच रंगनाथतात्या उभे होते. चार पावलांवर गिरजाबाई, वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी बाई, काठीवर दोन्ही हात ठेवून. हेमलतेनं फलक-संगणक उघडला. रकाना : वाट वळण्याचं कारण.

“‘माहीत नाही’ लिहा ना मॅडम,” तात्या हसत म्हणाले. “रस्ता आम्हालाही हवाय. जुन्या गोष्टी कशाला?”

“‘माहीत नाही’ लिहिलं तर यंत्र भिंतच धरतं. चौदा वर्षं.”

“मग झाडी लिहा. बाभळी होत्या.”

“बाभळीतून शेळ्या गेल्या असत्या, पण मुळं मातीत दिसली असती. दिसत नाहीत,” डॉ. इनामदार म्हणाले. त्यांच्या आवाजातली चमक गेली होती. “आजी, शेळ्या सरळ जायच्या. मग राखणारं माणूस?”

गिरजाबाईंनी आधी तात्यांकडे बघितलं. रस्त्याच्या ठरावावर त्यांची सही अजून व्हायची होती.

“शेळ्या हितनं सोडायचो. आन् आमी फेऱ्यानं पळत जाऊन पल्याड गाठायचो. चुकली एखादी तर घरी मार.”

“का पळत जायचात?”

तात्यांनी घड्याळ बघितलं.

“आजी, तुम्ही सांगा, मी लिहिते,” हेमलता म्हणाली.

“मी न्हाई सांगायची.” म्हातारीनं काठी चराच्या मातीत रोवली. “समदं आयुष्य आमीच चाललो, आता सांगायचं बी आमीच? माझी सासू अडली, तवा बाजेवर घालून त्या वळणानं नेली. वळणावरच गेली, पोटातल्या लेकरासंगं. आन् तुमचा कागद म्हनतो भिंत होती! मातीला बी खोटं पाडताय व्हय?” तिचा आवाज चढला. “तात्या, त्या पारावर तुमचा बा बसायचा, काठी घिऊन. तुमी शेजारी. धा-बारा वर्साचे व्हता, समजत व्हतं. तुमी सांगा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या तुमचा रस्ता. आमाला फेऱ्याची सवय हाय.”

“आजी, पुढचा पावसाळा...” हेमलता बोलू लागली.

“ऱ्हाऊ द्या म्हनलं ना.”

हेमलतेनं फलक तात्यांसमोर धरला. ध्वनिनोंदीचा दिवा लागला होता. तात्यांनी पाराकडे बघितलं, मग चरात. सहा फूट खोल, मऊ, वस्तीतल्या कुणाच्याही पावलानं न दबलेली माती.

“भिंत नव्हती,” ते म्हणाले. हेमलतेचा हात खाली आला नाही.

“मोठ्यानं,” गिरजाबाई म्हणाल्या.

“आम्ही यांना इथून जाऊ देत नव्हतो. जातीवरून.”