झाकण उघडू नकोस

विश्वास ठेवा वा ठेवू नका, पण हे खरं घडलंय. जिच्यासोबत घडलं ती लास्मिनी माझी सख्खी मावशी. जावा बेटावर, लावू डोंगराच्या घाटात, ईदच्या आदल्या संध्याकाळी...

त्याच्या आदल्या ईदला गावी जाताना तिथेच त्यांची जुनी गाडी तापली होती. तिचे यजमान वागियो डबा घेऊन पाणी आणायला ओढ्याकडे उतरले. जाताना एवढंच म्हणाले, "मी येईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. भाजशील."

ते आलेच नाहीत. पाय घसरला होता.

तेव्हापासून गाडी नेमकी त्याच वळणावर तापायची. थांबायची मावशीची छाती व्हायची नाही. वळण मागे टाकूनच ती गाडी उभी करायची.

गावातल्या गॅरेजवाल्या जुरेमी काकांनी रेडिएटर धुतला. पंप, पंखा, नळ्या तपासल्या. थर्मोस्टॅट तर गाडी तापू नये म्हणून इथे सगळेच काढून फेकतात. काकांनी तोही नवा बसवला.

"गाडी ठणठणीत आहे, पोरी. वळणावर हॉर्न देतेस ना? तिथल्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये."

"तिथे आमचेच हे आहेत, काका. नवऱ्याला काय विचारायचं?" मावशी हसली, पण डोळे भरून आले.

"मग तर देच. वाट बघत असेल बिचारा."

त्या संध्याकाळी तिने वळणावर हॉर्न दिला.

काटा लाल रेषेवर गेला. या वेळी ती थांबली. बॉनेट उघडून कठड्यावर बसली.

खालच्या मशिदीतली बांग संपली. रातकिडे गप्प झाले.

आणि मग... डबक... डबक...

डब्यात पाणी हिंदकळत होतं. आवाज ओढ्याकडून वर येत होता.

"अहो...?"

आवाज बॉनेटपाशी थांबला. तिथे कुणीच नव्हतं.

"नाही उघडलं हो मी झाकण. वर्ष झालं, अजून वाट बघतेय."

चर्रर्र... वाफ विरली.

झाकण घट्ट बंद होतं. तिने फडक्याने धरून ते उघडलं. आत काठोकाठ पाणी. गार, गढूळ. वर बांबूचं एक ओलं पान.

त्यानंतर गाडी कधीच तापली नाही.

लोक म्हणाले, सुटलीस बाई! मावशी मात्र आता घाटाच्या पायथ्याशी रेडिएटर मुद्दाम रिकामा करते. कोरडी गाडी वर चढवते. वळणावर हॉर्न देते.

काटा हलत नाही.

काकांना कारण सापडलेलं नाही. एकदा मी तिच्या शेजारी बसलो होतो. त्यानंतर पुन्हा त्या गाडीत बसायचं धाडस झालं नाही. काट्यावर नजर लावून ती पुटपुटत होती...

"ताप गं बाई. एकदाच ताप."