खोडलेली ओळ

"हे टाइप करून दे! आणि एक शब्द जरी इकडचा तिकडे केलास ना आत्या, तर याद राख!"

चौदा वर्षांच्या भाचीनं वहीतून फाडलेली पानं टाइपरायटरवर आदळली आणि ती दारातच पाठमोरी उभी राहिली. मुलांच्या कथालेखन स्पर्धेची मुदत उद्या दुपारी संपत होती. हस्तलिखित चालणार नव्हतं, आठशेच्या वर एकही शब्द नको अशी अट होती आणि घरात टाइप करता येणारी एकटी आत्याच... नाहीतर या पोरीनं तिच्याशी एवढं बोलण्याचीही तसदी घेतली नसती!

आत्यानं चष्मा पुसला, कागद चढवला, आणि पहिल्याच ओळीला तिची बोटं थबकली.

'आमच्या घरात एक बाई राहते. तिनं माझ्या आईला घराबाहेर काढलं.'

पुढे सगळं होतं. त्या बाईचा चष्मा, तिची कोर्टातली टंकलेखनाची नोकरी, जेवताना कडकड वाजणारा तिचा जबडा... काही म्हणता काही सुटलं नव्हतं! निवडलेल्या कथांचं पुस्तक निघायचं, ते शाळाशाळांतून जायचं. कोर्टातल्या शिपायापासून वकिलांपर्यंत सगळे ओळखतील, ही बाई कोण ते!

आणि खरं काय होतं? आठ वर्षांपूर्वी वहिनी आपल्या पायांनी गेली होती, दुसरा संसार मांडायला. "पोरीची मला अडचण होईल," एवढंच बोलून! सहा वर्षांच्या त्या लेकराला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? "माझ्याशी भांडून गेली गं," असं आत्या म्हणाली होती. आईनं टाकलं या दुःखापेक्षा आत्याचा राग पोरीला सोसेल, असं त्या वेड्या अंतःकरणाला वाटलं होतं... पण तो राग दरवर्षी पोरीबरोबर वाढत जाईल, हे कुठं ठाऊक होतं!

कोर्टात सव्वीस वर्षं तिनं साक्षी टाइप केल्या होत्या. साक्षीदारानं शिवी दिली तर शिवीसुद्धा जशीच्या तशी. कागदावर खोडलेलं असेल ते वगळायचं. आपलं मत टंकलेखिकेला नसतं. ती टाइप करू लागली.

तेवढ्यात तिचा दादा, पोरीचा बाप, कामावरून आला. बहिणीच्या खांद्यावरून त्यानं दोन ओळी वाचल्या आणि त्याचा चेहरा काळवंडला.

"काय लिहिलंयस हे? जिनं तुला वाढवलं तिच्यावर असली गरळ?"

"खरं लिहिलंय! तुम्हाला तर बोलायचीच भीती वाटते तिची!"

"मूर्ख कार्टे! तुझ्या आईला हिनं नाही हाकललं, ती तर स्वतःच—"

"दादा!" आत्या इतक्या जोरात ओरडली की पोरगी दचकली. "एक शब्द पुढे बोललास तर मी या घरात राहायची नाही!"

बाप ओठ चावत आतल्या खोलीत गेला. आत्यानं शेवटचं पान टाइप करून बाहेर ओढलं, पालकांच्या जागी सही केली आणि गठ्ठा पुढे ठेवला.

"तपासून घे."

पोरीनं पानं हिसकावली. वहीचं पान डाव्या हातात, टाइप केलेलं उजव्या. एकेक शब्द ती लावून पाहू लागली. आत्यानं कुठंतरी नक्की लबाडी केली असणार! जबड्याचं वाक्य होतं. 'कैदाशीण' होतं. सगळं जिथल्या तिथं... तिचा आवेश हळूहळू ओसरत गेला.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर वहीत एक ओळ खोडलेली होती. खोडूनही वाचता येत होती: 'मला गोवर आला तेव्हा ती नऊ दिवस माझ्या उशाशी बसून होती.'

टाइप केलेल्या पानात ती ओळ नव्हती.

"हे वाचलंस तू?"

"वाचलं."

"मग घातलं का नाहीस?"

"खोडलं होतंस ना तू..."

"आत्या, बाबा मघाशी म्हणत होते ते... माझं पहिलं वाक्य खोटं आहे का गं?"

आत्याचे डोळे भरून आले. पण आवाज तिनं ढळू दिला नाही. "कथेत सगळं खरंच असावं लागतं, असं कुठं लिहिलंय?"

पोरीनं टेबलावरचं पेन उचललं. मग तिनं ती ओळ शेजारी नव्यानं लिहिली.

"हे घाल."

"आठशे भरलेत, बाळ. अकरा शब्द कुठून काढू?"

पोरीनं शेवटचं पान ओढलं. 'ती मेली तरी मी मुळीच रडणार नाही. उलट मला अगदी सुटल्यासारखं वाटेल.' दोन्ही वाक्यांवर तिनं इतक्या जोरानं काट मारली की कागद फाटला.

"एक शब्द शिल्लक राहतोय," आत्या कशीबशी म्हणाली.

"राहू दे."

आत्यानं नवा कागद चढवला. पण खुनाच्या साक्षीतही जी बोटं अडखळली नव्हती, ती आज चुकीच्या बटणांवर पडू लागली... समोरची अक्षरं दिसेनाशी झाली. पोरगी स्टूल ओढून तिला खेटून बसली आणि एका बोटानं टाइप करू लागली.

"उशाशीतला 'उ' कुठाय गं?"

आत्यानं तिचं बोट धरलं आणि अलगद त्या बटणावर ठेवलं.